काजूच्या डोंगरावर किती नोड लावले की जाळे जुळते?

शंभर हेक्टरांचा डोंगर, त्यावर आगीची सूचना देणारे नोड लावायचे. नोड म्हणजे एक सेन्सर आणि त्याला जोडलेला छोटा रेडिओ. एका नोडची रेंज दीडशे मीटर, म्हणजे त्याच्याभोवती सात हेक्टरांचे वर्तुळ. शंभर भागिले सात, चौदा-पंधरा. हाताशी थोडे जास्त असावेत म्हणून आम्ही चाळीस घेतले आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाळपईच्या वरच्या अंगाला, मामांच्या आणि शेजाऱ्यांच्या काजूच्या भाटांत, म्हणजे बागांत, जमेल तिथे बांधले. मधल्या घराच्या माळ्यावर गेटवे, म्हणजे सगळ्या नोडांचे निरोप गोळा करणारी पेटी, ठेवला. संध्याकाळी मोबाइलवर पाहिले तर चाळीसपैकी अकराच दिसत होते. मामा म्हणाले, "अरे, बाकीचे झोपले काय?"

झोपले नव्हते. एकेक नोड तपासला तर प्रत्येक ठणठणीत होता. चार इथे, सहा तिथे, दोन पलीकडच्या उतारावर, असे आपापसांत व्यवस्थित बोलतही होते. फक्त एका गटाचा आवाज दुसऱ्या गटापर्यंत पोहोचत नव्हता.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याचे डोंगर पेटले आणि नौदलाची, हवाई दलाची हेलिकॉप्टरे वरून पाणी ओतू लागली, तेव्हापासून आमच्या भागात तापमान आणि धूर टिपणारे स्वस्त सेन्सर लावण्याची चर्चा आहे. डोंगरावर मोबाइलचा टॉवर नाही, म्हणून लोरा या कमी विजेवर चालणाऱ्या, लांब पल्ल्याच्या रेडिओचे मेश: एका नोडने दुसऱ्याला सांगायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, शेवटी गेटवेला. सेन्सर कोणता घ्यावा, बॅटरी कोणती, यावर लोक तासन्‌तास बोलतात. किती घ्यावेत हे मात्र अंदाजाने ठरते, आणि माझ्यासारखेच भागाकाराने ठरते. भागाकार चुकीचा का आणि त्याऐवजी काय करायचे, ते इथे क्रमाने सांगतो. बारावीचे गणित आणि एक्सेल पुरते.

आधी प्रश्न कोणता ते ठरवा

भागाकाराने उत्तर मिळते ते 'जमीन किती वर्तुळांनी झाकता येईल' याचे. तेही वर्तुळे एकमेकांवर न चढता शिस्तीत बसली तर. आपल्याला झाकायचे नाही, जोडायचे आहे. आणि जोडण्याचेही दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला: डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला एक मोठा गट तयार होतो का? थोडे नोड सुटले तरी चालतील.

दुसरा: एकही नोड सुटणार नाही, असे होते का?

पहिल्याला गणितात पर्कोलेशन म्हणतात. आपल्याकडचा शब्द पाझर. सड्यावर जूनमध्ये पाऊस पडतो, जांभ्याच्या भोकांतून पाणी आत जाते आणि खाली कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, झर होऊन निघते. जांभ्यात भोके तर सगळीकडे असतात. पाणी खालपर्यंत पोहोचते ते भोकाला भोक जोडलेले असेल तरच. भोके थोडी कमी असतील तर दगड वरवर ओला होतो, बस्स. थोडी वाढली की पाणी आरपार. मधली पायरी जवळजवळ नाहीच, आणि या विषयाची सगळी गंमत त्या अचानकपणात आहे. सायमन ब्रॉडबेंट आणि जॉन हॅमर्स्ली यांनी १९५७ मध्ये हे गणित मांडले. ब्रॉडबेंट यांचा मूळ प्रश्न होता गॅस मास्कमधल्या कोळशाच्या सच्छिद्र कणांतून वायू कसा जातो हा. १९६१ मध्ये बेल लॅब्जच्या एडगर गिल्बर्ट यांनी सपाटीवर यदृच्छया विखुरलेले ठिपके घेतले, ठरावीक अंतराच्या आतले ठिपके जोडले आणि विचारले की कधी अमर्याद मोठा गट बनतो. त्यांच्या डोळ्यांसमोर कमी पल्ल्याची रेडिओ केंद्रेच होती. म्हणजे मामांच्या भाटातला प्रश्न साठ वर्षांपूर्वीच विचारून झाला होता.

आगीच्या सूचनेसाठी मला दुसरा प्रश्न लागू आहे असे आधी वाटले. आता तसे वाटत नाही. का ते पुढे येईल.

रेंज मोजा, पुठ्ठ्यावरची वाचू नका

खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. काजूची झाडे बुटकी, पसरट, पानांनी गच्च. अँटेना माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर बांधली तर सिग्नल पूर्ण वाट पानांतूनच काढतो. भारतात लोरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. नोड त्याच पट्ट्यावर लावला आहे ना, हे आधी पाहा. परदेशातून मागवलेले नोड बऱ्याचदा दुसऱ्याच पट्ट्यावर बसवलेले येतात आणि अँटेनाही त्याच पट्ट्याची असते.

मग एक नोड झाडाला बांधा, दुसरा हातात घेऊन चालू लागा. दर २५ मीटरवर थांबून वीस संदेश पाठवा, किती पोहोचले ते वहीत लिहा. किमान आठ दिशांना. ऊन असेल, मुंग्या चावतील, पण हे काम टाळू नका. पुढचे सगळे आकडे यावर उभे आहेत.

आता रेंज म्हणजे काही कुंपण नाही, की आत सगळे आणि बाहेर काहीच नाही. अंतर वाढते तशी पोहोचण्याची शक्यता उतरत जाते. त्यावर सोपा उपाय आहे: प्रत्येक अंतराच्या गोल कड्याचे क्षेत्रफळ त्या कड्यातल्या शक्यतेने गुणा आणि बेरीज करा. समजा ० ते ५० मीटरमध्ये १०० टक्के संदेश पोहोचले, ५० ते १०० मध्ये ९५, १०० ते १५० मध्ये ७०, १५० ते २०० मध्ये २० आणि २०० ते २५० मध्ये ३ टक्के. कड्यांची क्षेत्रफळे अनुक्रमे ७,८५४, २३,५६२, ३९,२७०, ५४,९७८ आणि ७०,६८६ चौरस मीटर. गुणून बेरीज केली की ७०,८४४ च्या आसपास. त्याला ३.१४१६ ने भागा, वर्गमूळ काढा: १५० मीटर. ही तुमची कामाची रेंज.

इथे एक सुखद गोष्ट आहे. सरासरी शेजाऱ्यांची संख्या तेवढीच ठेवून जोडण्या अशा पसरट आणि बेभरवशाच्या केल्या, तर मोठा गट बनणे उलट सोपे होते. लांब जाणारे थोडे दुवे दूरचे गट एकत्र आणतात. त्यामुळे काटेकोर वर्तुळ धरून केलेला हिशेब पहिल्या प्रश्नापुरता तरी सावधगिरीच्या बाजूला चुकतो.

ठिपके विखुरलेले आहेत की गोळा झाले आहेत?

पुढची सूत्रे पॉयसाँ विखुरणीसाठी आहेत. लग्नात अक्षता टाकतात तसे: कुठेही, एकमेकांची फिकीर न करता. माणसाने बांधलेले नोड तसे असतातच असे नाही. कोणी वाटेच्या कडेनेच बांधतो, कोणी सावली बघून.

तपासायची रीत: नकाशाचे समान चौकोन पाडा, प्रत्येकातले नोड मोजा. ६४ नोड आणि १६ चौकोन असतील तर सरासरी ४. समजा मोजणी आली ५, ३, ४, ७, २, ४, ६, ३, १, ५, ४, २, ८, ३, ४, ३. प्रत्येकाचा ४ पासूनचा फरक, त्याचा वर्ग, सगळ्यांची बेरीज ५२. ती १५ ने भागली की ३.४७, आणि सरासरी ४ ने भागली की ०.८७. अक्षतांसारखी विखुरणी असेल तर हा आकडा १ च्या जवळ येतो. १६ चौकोनांसाठी साधारण ०.४ ते १.८ पर्यंत चालवून घ्या. १.८ च्या वर गेला तर नोड गोळा झालेत. एका वाड्याभोवती पंधरा आणि पलीकडच्या उतारावर दोन, अशी स्थिती. तेव्हा सरासरीवर विसंबू नका. ०.४ च्या खाली आला तर कोणीतरी दोरी धरून बांधले आहेत, चांगलेच आहे.

मोठा गट कधी बनतो

एकाच आकड्याकडे लक्ष ठेवायचे: सरासरी शेजारी. म्हणजे एका नोडच्या रेंजमध्ये सरासरी किती दुसरे नोड येतात.

सरासरी शेजारी = ३.१४१६ × रेंज × रेंज × घनता

रेंज किलोमीटरमध्ये, घनता म्हणजे दर चौरस किलोमीटरला किती नोड. आपला डोंगर १ किलोमीटर बाय १ किलोमीटरचा चौकोन धरू. रेंज ०.१५. तेव्हा सरासरी शेजारी म्हणजे ०.०७०७ गुणिले नोडची संख्या. आमच्या चाळीस नोडचे झाले २.८.

मोठा गट बनण्याचा उंबरठा आहे ४.५१ शेजारी. हा आकडा कोणी कागदावर सिद्ध केलेला नाही. संगणकावर प्रचंड मोठ्या विखुरण्या करून तो मोजला गेला आहे आणि त्याचे पुढचे दशांशही ठाऊक आहेत. २.८ वर आम्ही खूप खाली होतो. दुसऱ्या भाषेत: प्रत्येक नोडला सरासरी जवळजवळ तीन शेजारी असूनही जाळे तुकड्यातुकड्यांत राहते. हे ऐकून विश्वास बसत नाही, मलाही बसला नव्हता. पण शेजाऱ्याचे शेजारी बहुधा तेच असतात. आपले तीन शेजारी एकमेकांचेही शेजारी निघाले की वाट पुढे सरकतच नाही, वाड्यातल्या वाड्यात फिरते.

४.५१ साठी नोड किती? ४.५१ भागिले ०.०७०७, चौसष्ट.

आता याच चौसष्टचा दुसरा उपयोग बघा. दाराशी ठिपक्यांची रांगोळी काढतात तसे आठ बाय आठ ठिपके मांडा. हजार मीटरमध्ये आठ ठिपके म्हणजे दोन ठिपक्यांत १४३ मीटर, रेंजच्या आत. चौसष्टच्या चौसष्ट नोड जोडलेले, एकही सुटलेला नाही. तेच चौसष्ट अक्षतांसारखे टाकले तर जेमतेम उंबरठ्यावर, आणि एक-दोन नव्हे, सरासरी तीनेक नोड अगदी एकटे पडतात. यदृच्छेची किंमत इतकी आहे. मग रांगोळीच का काढत नाही? कारण ठिपका पडतो तिथे घळ असते, किंवा भाटकार, म्हणजे जमिनीचा मालक, मुंबईत असतो आणि परवानगी द्यायला कोणी नसते, किंवा झाडच नसते. रांगोळी काढता येत असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि कामाला लागा.

उंबरठ्याच्या आसपास आणखी एक त्रास. एवढ्या लहान डोंगरावर उंबरठा धारदार नसतो, पसरट असतो. तेवढेच चौसष्ट नोड एकदा टाकले तर मोठा गट डोंगरभर, पुन्हा टाकले तर दोन तुकडे. म्हणून ४.५ वर थांबू नका; सगळे नशिबावर सोडायचे असेल तर सहा-सातच्या खाली मी नियोजन करणार नाही. सहाचा आकडा या क्षेत्रात जुना आहे. १९७८ मध्ये क्लाइनरॉक आणि सिल्व्हेस्टर यांनी रेडिओ जाळ्यांसाठी 'सहा हा जादूई आकडा' म्हटले होते. पण ती जादू सगळ्यांना जोडण्याची नव्हती. जाळे वाढत जाईल तसा कोणताही ठरावीक आकडा शेवटी कमी पडतो, हे श्वे आणि कुमार यांनी २००४ मध्ये दाखवून दिले.

कोणीच सुटू नये असे वाटत असेल तर

पुरेसे नोड असले की जाळे तुटण्याचे मुख्य कारण एकच उरते: कुठेतरी एखादा नोड साफ एकटा पडणे. गटच्या गट सुटणे त्यामानाने दुर्मीळ. म्हणून 'सगळे जोडलेले' हा प्रश्न 'कोणी एकटा नाही ना' या प्रश्नावर येऊन टेकतो. मॅथ्यू पेनरोझ यांनी १९९७ मध्ये आणि पियूष गुप्ता व पी. आर. कुमार यांनी १९९८ मध्ये हे काटेकोरपणे मांडले. व्यवहारात ते असे वापरायचे:

क = सरासरी शेजारी − नोडसंख्येचा नैसर्गिक लॉग

क शून्य असेल तर सगळे जोडले जाण्याची शक्यता ३७ टक्के, १ ला ६९, २ ला ८७, ३ ला ९५, ४ ला ९८. आपल्याला ९५ हवेत. एक्सेलमध्ये नोडची संख्या एकेक वाढवत पाहा: १०९ ला सरासरी शेजारी ७.७०, लॉग ४.६९, फरक ३.०१. तर १०९ नोड घ्यायचे.

आणि इथे बहुतेक जण फसतात. मीही कागदावर १०९ लिहून मोकळा झालो होतो.

हे सूत्र नोडची संख्या अतिशय मोठी असताना बरोबर आहे. कडेचा परिणाम शेवटी नाहीसा होतो हे खरे, पण इतका सावकाश नाहीसा होतो की शे-दोनशे नोडच्या डोंगरावर तो सगळ्यावर भारी पडतो. डोंगराच्या मध्यावरच्या नोडला पूर्ण वर्तुळ मिळते. काठावरच्याला अर्धे, कोपऱ्यातल्याला पाव. १०९ नोड असताना मध्यावरचा नोड एकटा पडण्याची शक्यता सुमारे २,२०० त एक. अगदी काठावरच्याची ४७ त एक. नेमक्या कोपऱ्यावरच्याची सातात एक.

म्हणून एकट्या नोडची अपेक्षित संख्या तीन तुकड्यांत काढा. सरासरी शेजाऱ्यांना 'श' म्हणू, आणि 'ई' म्हणजे २.७१८:

मध्य: नोड × ई चा घात (−श)
काठ: (२ × बाजू ÷ रेंज) × ई चा घात (−श÷२)
कोपरे: (१२.५७ ÷ श) × ई चा घात (−श÷४)

आपल्या १०९ साठी मध्य ०.०५, काठ ०.२८, कोपरे ०.२४. बेरीज ०.५७. सगळे जोडले जाण्याची शक्यता म्हणजे ई चा घात वजा ०.५७, सत्तावन्न टक्के. त्यात दोघा-तिघांचे सुटे गट धरले तर निम्म्याच्या आसपास. सूत्र ९५ म्हणत होते! आणि नुकसानीचे दहातले नऊ वाटे काठ-कोपऱ्यांचे. नोड वाढवूनच ९५ गाठायचे म्हटले तर १९० च्या आसपास जावे लागते.

१९० नोड कोणी घेणार नाही. घेऊही नयेत.

घरी बसून शंभर वेळा टाकून बघा

वरचे आकडे दिशा देतात. तुमचा डोंगर चौकोनी नसणार, मधून ओढा जाणार, म्हणून नक्कल करून पाहणे बरे. नोडची जागा म्हणजे ० ते १ मधल्या दोन यदृच्छ संख्या, प्रत्येक हजाराने गुणलेली. डोंगराच्या हद्दीबाहेर किंवा घळीत पडला तर टाकून द्या, पुन्हा काढा. दोन नोडांतले अंतर तपासताना वर्गमूळ काढू नका: पूर्व-पश्चिम फरकाचा वर्ग अधिक उत्तर-दक्षिण फरकाचा वर्ग, २२,५०० पेक्षा कमी असेल तर जोडलेले.

गट ओळखायची रीत कुळासारखी आहे. सुरुवातीला प्रत्येक नोड स्वतःच्या कुळाचा मूळ पुरुष. दोन नोड जोडलेले आढळले की दोघांचे मूळ पुरुष शोधा. तेच असतील तर काही करायचे नाही. वेगळे असतील तर लहान कुळाने मोठ्याचा मूळ पुरुष आपला मानायचा. सगळ्या जोड्या संपल्या की जितके मूळ पुरुष उरले तितके गट. पायथनमध्ये हे पंधरा-वीस ओळींचे काम आहे. एक्सेलमध्येही होते, पण वैताग येतो.

शंभर वेळा केले तर ९५ टक्क्यांचा अंदाज चार टक्के इकडेतिकडे होतो, हजार वेळा केले तर दीडच्या आत. नियोजनाला शंभर पुरे.

पण यातून खरी कमाई वेगळीच आहे. नोड प्रत्यक्ष बांधून झाल्यावर त्यांच्या जागा मोबाइलच्या जीपीएसने टिपून घ्या आणि सगळ्या जोड्या अंतराच्या चढत्या क्रमाने लावा. ७० नोडच्या २,४१५ जोड्या होतात. सर्वांत जवळच्या जोडीपासून सुरू करा. जी जोडी दोन वेगळी कुळे एकत्र आणते, तिची नोंद करा, बाकीच्या सोडा. शेवटी बरोबर ६९ नोंदी उरतात. त्यातली सर्वांत मोठी म्हणजे तुमच्या जाळ्याला लागणारी किमान रेंज. ती १५० च्या खाली असेल तर काम झाले. नसेल तर १५० च्या वरच्या नोंदी म्हणजेच डोंगरावरची भोके, नावानिशी. २१० मीटरचे भोक असेल तर मध्ये एक नोड, ३४० चे असेल तर दोन. मी हिशेबात १५० ऐवजी १३० धरतो, कारण जीपीएस झाडाखाली पाच-दहा मीटर सहज चुकवते.

म्हणून माझा सल्ला: उंबरठ्याच्या थोडे वर, ६५ ते ७५ नोड सोयीच्या जागी टाका. मग यादी काढा आणि भोके हाताने बुजवा. आधी टाकतानाच कोपऱ्यांतले नोड हद्दीवर न बांधता पन्नास-साठ मीटर आत सरकवा. काठावरचे दीडशेपेक्षा जास्त अंतराने ठेवू नका. आम्ही चाळीसचे सत्तर केले आणि मग तेरा हाताने लावले. त्र्याऐंशीत झाले. 'एकही सुटू नये' हा दुसरा प्रश्न नशिबाच्या भरवशावर सोडवणे महाग. नकाशा हातात असताना तो सोडवण्याची गरजच नाही.

उड्या मोजायला विसरू नका

जोडलेले असणे आणि निरोप पोहोचणे यांत फरक आहे. आम्ही मेशटॅस्टिक हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. त्यात निरोप किती वेळा पुढे ढकलायचा याची मर्यादा मुळात ३ असते, जास्तीत जास्त ७ करता येते. म्हणजे पाठवणाऱ्यासह आठ उड्या. आपल्या चौकोनाचा कर्ण १,४१४ मीटर; नाकासमोर गेले तरी दहा उड्या. एका कोपऱ्यातला निरोप समोरच्या कोपऱ्यात पोहोचणार नाही, जाळे कितीही जुळलेले असो. गेटवे मध्यावर ठेवला तर कोपरा ७०७ मीटरवर, सरळ रेषेत पाच उड्या.

पण सरळ रेषा मिळते कुठे? उंबरठ्याच्या जवळ असलेल्या जाळ्यात वाटा फार वळणावळणाच्या असतात. घाटातल्या रस्त्यासारखे, समोर दिसते ते गाव तासाभराने येते. नक्कल करतानाच गेटवेपासून लाटा मोजा: गेटवेचे शेजारी पहिली लाट, त्यांचे नवे शेजारी दुसरी. आठव्या लाटेत जे आले नाहीत ते सुटले असेच धरा. फार बाहेर राहत असतील तर आणखी पाच नोड लावण्यापेक्षा एक नोड उंच बांबूवर, टेकडीच्या माथ्यावर लावा. पानांच्या वर आलेल्या एका अँटेनाची रेंज बाकीच्यांच्या कितीतरी पट असते आणि ती दहा उड्यांच्या दोन करते. मर्यादा ७ केली की हवेत निरोपांची गर्दीही वाढते, तेव्हा प्रत्येक नोडला दर मिनिटाला तापमान पाठवायला लावू नका. पंधरा मिनिटांनी चालते. आगीची सूचना तेवढी तातडीने.

बॅटरी आणि पाऊस

बंद पडणाऱ्या नोडांचा हिशेब सोपा आहे. विखुरलेल्या ठिपक्यांतून यदृच्छया दहा टक्के उचलले तर उरलेलेही तसेच विखुरलेले राहतात, फक्त विरळ. म्हणून हव्या त्या संख्येला ०.९ ने भागा. भोक बुजवायला हाताने लावलेला नोड मात्र या हिशेबात बसत नाही. तो गेला की पूल गेला. त्याला मोठी बॅटरी द्या.

रेंजचे तसे नाही. ती सूत्रात वर्गाने येते. पानांवर पाणी साचून रेंज १५० ची १२० झाली, म्हणजे वीस टक्केच घटली, तर सरासरी शेजारी ०.६४ पट होतात. १०९ नोडचे ७.७ शेजारी ४.९ वर येतात; जोमात असलेले जाळे एका सरीत उंबरठ्यावर. आगीसाठी मोजमाप फेब्रुवारी-मार्चमध्येच करा, पण तेच नोड ओढ्याची पातळी पाहायला पावसातही वापरणार असाल तर जुलैमध्ये छत्री घेऊन पुन्हा चाला.

जाता जाता: आग स्वतःही पाझरतेच, आणि तिथे आपल्याला उलट हवे असते. सुक्या गवताचे सारख्या आकाराचे गोल पुंजके यदृच्छया विखुरले आहेत आणि एकमेकांना टेकले की पेटतात असे मानले, तर जमिनीचा सुमारे ६७.६ टक्के भाग झाकला जाईपर्यंत आग आरपार जात नाही. हा ४.५१ चाच दुसरा चेहरा. वारा आणि उतार हा हिशेब बिघडवतात, म्हणून त्यावर भरवसा ठेवून आग अडवणारी जाळरेषा काढायची सोडू नका. पण सीझनच्या आधी, बोंडू (काजूची फळे) गोळा करायला जमीन साफ करतात तेव्हा, थोडे गवत राहिले तर काय झाले, असे म्हणणाऱ्याला सांगण्यासारखे आहे: थोड्याने काहीच फरक पडत नाही, आणि मग आणखी थोड्याने सगळाच पडतो.

आमच्या त्र्याऐंशीतला एक नोड शेवटपर्यंत हट्टाला पेटला होता. ईशान्येच्या कोपऱ्यात, ओढ्यापलीकडे. यादीत त्याचे शेजाऱ्याशी अंतर १२८ मीटर, कागदावर सगळे ठीक. प्रत्यक्षात मध्ये घळीचा उंचवटा आणि सिग्नल त्याच्या पलीकडे जाईना. सपाट नकाशाला तो दिसत नव्हता. दोन नोड आणखी लावून पाहिले, उपयोग झाला नाही. मग मामांनी कुळागरातला उंच माड दाखवला, चाळीस मीटर खाली सरकून. नोड झावळ्यांच्या जरा खाली बांधला आणि तो कोपरा दिसू लागला. नारळ पाडायला पाडेली येतो तेव्हा वर चढलेला तोच बॅटरी बदलून देतो.